थेलोनियस मंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ ऐकायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी एका पियानोवादकापाशी हमखास अडखळतात. तो म्हणजे थेलोनियस मंक. कुणाला पहिल्या पाच मिनिटांत वेड लागतं, कुणाला वाटतं हा माणूस पट्ट्या चुकतोय. त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. संगीतशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. सरगम ओळखीची असेल तर दोन-तीन ठिकाणी उपयोगी पडेल.

थेलोनियस मंक कोण होता?

अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि रचनाकार. जन्म १० ऑक्टोबर १९१७, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावी. मृत्यू १७ फेब्रुवारी १९८२. पूर्ण नाव थेलोनियस स्फिअर मंक. थेलोनियस हे वडिलांचं नाव, आणि स्फिअर हे आईच्या वडिलांचं. त्याच्या रचना सत्तरच्या आसपास भरतात. जॅझचा दिग्गज बँडनेता ड्यूक एलिंग्टनने हजारावर रचना केल्या, त्या मानाने हा आकडा अगदी लहान. तरीही जगभरच्या जॅझ वादकांनी सर्वांत जास्त वाजवलेल्या रचनाकारांत एलिंग्टनच्या बरोबरीने मंकचं नाव घेतलं जातं. त्या सत्तरातली क्वचितच एखादी भरीची असेल.

तो शिकला कुठे?

१९२२ मध्ये आई बार्बरा तिन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनमधल्या सॅन हुआन हिल भागात, वेस्ट ६३ व्या रस्त्यावर राहू लागली. दक्षिणेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही दाट वस्ती होती. मंकने आयुष्याचा बहुतेक काळ याच गल्लीत काढला. पियानोची शिकवणी खरं तर मोठ्या बहिणीला, मॅरियनला होती. धाकटा शेजारी बसून बघत बघत शिकला. पुढे त्यालाही रीतसर शिक्षक मिळाला, चर्चमध्ये आईच्या गाण्याला साथ करून झाली. पण खरी शाळा त्या वस्तीची. डाव्या हाताने झोके घेत वाजवायच्या ‘स्ट्राइड’ पियानोचा बादशहा जेम्स पी. जॉन्सन जवळच राहायचा. स्टायव्हेसंट ही शहरातली नावाजलेली शाळा मंकने अर्धवट सोडली आणि विशीच्या आत तो एका फिरत्या धर्मप्रचारक बाईच्या जथ्याबरोबर पियानो वाजवत दोन वर्षं देशभर हिंडला. तंबूत जमलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या, अंगात आल्यासारख्या डोलणाऱ्या लोकांसमोर ठेका धरून ठेवायचं काम होतं ते. मंकची लय आयुष्यात कधी डळमळली नाही, तिचं मूळ मला या दोन वर्षांत दिसतं.

बिबॉप त्याने निर्माण केलं का?

एकट्याने नाही. बिबॉप ही जॅझची तेव्हा नवी असलेली, गुंतागुंतीची शैली. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मिंटन्स प्लेहाउस नावाचा क्लब होता. तिथल्या रोजच्या वादकांत ड्रम्सवर केनी क्लार्क आणि पियानोवर मंक. मोठ्या बँडमधली नोकरीची वाजवणी संपवून डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, चार्ली ख्रिश्चन अशी माणसं रात्री उशिरा तिथे यायची, आणि पहाटेपर्यंत वाजवणं चालायचं. नव्या कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट), नवी वळणं तिथे घडली आणि त्यांत मंकचा वाटा मोठा. गिलेस्पीने स्वतः ते ऋण मान्य केलं आहे.

पण बिबॉपचा जो चेहरा लोकांना ठाऊक झाला, म्हणजे सुसाट गती आणि सुरांचा पाऊस, तो मंकचा नव्हे. इतर जण वेगाकडे गेले, हा विरळ होत गेला. म्हणून बिबॉपची लाट आली तेव्हा त्याच्या वाट्याला कौतुक फारसं आलं नाही. ब्लू नोट कंपनीने १९४७ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावावर पहिल्या रेकॉर्ड काढल्या तेव्हा तो तिशीला टेकला होता. त्या रेकॉर्ड त्या वेळी फारशा खपल्या नाहीत. आज त्या विसाव्या शतकाच्या संगीतातला ठेवा मानल्या जातात.

त्याचं वादन चुकल्यासारखं का वाटतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर सवडीने द्यायला हवं.

पियानोवर दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधला सूर नसतो. ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत गाणारा माणूस मात्र नेमका तिथेच रमतो, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत. गळ्याला ते जमतं, ट्रम्पेटला जमतं, गिटारची तार ओढून जमतं. पियानोने काय करायचं? मंक दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो आणि क्षणात त्यातली एक सोडून देतो. कानाला आधी खटका बसतो, मग त्या खटक्यातून एक सूर वर येतो, आणि तो थोडा वाकवून आणल्यासारखा ऐकू येतो. आपल्याकडे हार्मोनियमवर मींड येत नाही म्हणून किती वाद झाले, १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता. अडचण तीच, ठरलेल्या पट्ट्यांची. मंकने त्या अडचणीतून स्वतःची वाट काढली.

दुसरी गोष्ट कॉर्डची. चार-पाच सुरांची भरगच्च कॉर्ड वाजवायच्या जागी तो कित्येकदा दोनच सूर ठेवतो, तेही एकमेकांशी भांडणारे. मधले, गोडवा आणणारे सूर काढून टाकतो. उरतो तो सांगाडा, आणि त्यामुळे पियानो घंटेसारखा वाजतो. त्याच पियानोवर दुसरा कुणी बसला की तो नाद जातो, असा अनुभव अनेक वादकांनी सांगितला आहे.

तिसरी गोष्ट, वरून खाली घसरत येणारी ती सुप्रसिद्ध सरसर. सा रे ग, मग तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद अशी सारख्या अंतराची सहा सुरांची मालिका घ्या. तिच्यात पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, त्यामुळे टेकायला जागाच नाही. मंक ही मालिका वरच्या टोकापासून खाली ओततो आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन क्षणभर सरकते. लगेच पुढच्या मात्रेला तो अचूक जागेवर उभा असतो.

आणि चौथी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. ठेका चालू असतो, बेस चालत असतो, आणि मंकचा हात वर थांबलेला. सूर नेमका कुठे पडणार याची आपण वाट बघतो, आणि तो आपण धरलेल्या जागेच्या किंचित आधी किंवा नंतर पडतो. तबलजी सम चुकवून दाखवतो आणि पुढच्या आवर्तनात बरोबर समेवर येतो, तेव्हा मैफिलीतून जी दाद जाते तीच इथे द्यावीशी वाटते. चुकणाऱ्या माणसाला हे शक्य नाही. एकच रचना त्याने वेगवेगळ्या वर्षी वाजवलेली ऐकून बघा, ‘चुका’ त्याच जागी, तितक्याच नेमक्या सापडतात.

पण त्याचं तंत्र कच्चं होतं, असं म्हणतात ते?

म्हणायचे, आणि छापायचेसुद्धा. बोटं वाकवून, टोकांनी पट्टी दाबायची ही पाश्चात्त्य पियानोची रीत. मंक बोटं जवळजवळ सपाट ठेवतो, कधी हात हातावरून पलीकडे नेतो, कधी कोपरानेसुद्धा पट्ट्या दाबतो, शिवाय करंगळीत भलीमोठी अंगठी. चित्रफितीत हे सगळं दिसतं आणि शिकवणीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ‘ट्रिंकल, टिंकल’ ही त्याची रचना उघडून पाहा. त्यातल्या सुरांच्या गुंतावळ्या भल्याभल्यांची बोटं अडकवतात. १९६५ च्या ‘सोलो मंक’ या रेकॉर्डवर तो जुन्या स्ट्राइड पद्धतीने वाजवतो : डावा हात खालच्या खर्जातून मधल्या कॉर्डवर, परत खर्जात, असा झोके घेत राहतो आणि उजवा हात वर धून सांगतो. कच्च्या हाताला ही शैली मिनिटभरही पेलत नाही. त्याला हवा असलेला नाद सपाट बोटांतूनच येत होता, म्हणून त्याने बोटं सपाट ठेवली.

त्याच्या रचनांत एवढं काय आहे?

‘ब्लू मंक’ पासून सुरू करू. साधा बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार मात्रांचे बारा खंड, अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पट्टी बी फ्लॅट. तो आपला षड्ज धरला तर पहिला तुकडा असा येतो : ग, म, तीव्र म, प. चार पायऱ्या, एकीला एक लागून. मग तोच तुकडा वर, धैवतापासून : ध, कोमल नि, शुद्ध नि, तार सा. बस, इतकंच. लहान मूलसुद्धा गुणगुणेल. हार्मोनियम जवळ असेल तर आत्ता वाजवून बघा. शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमाला लागून पंचमावर जाताना जी गंमत येते, तिच्यावर अख्खी रचना उभी आहे.

‘स्ट्रेट, नो चेसर’ हाही बारा बारचाच ब्लूज. यात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, पण दर वेळी वेगळ्या मात्रेवरून उठतो आणि कमी-जास्त लांबीचा होतो. ज्या सुरावर आधी वजन पडलं, त्यावर पुढच्या वेळी पडत नाही. लयकारी ऐकायची सवय असलेल्या कानाला हे लगेच भिडतं.

‘मिस्टेरिओसो’ मध्ये सूर सहा-सहा पायऱ्यांच्या झेपा घेत जिन्यासारखे चढतात. ‘थेलोनियस’ या रचनेत धून जवळपास एकाच सुरावर उभी राहते आणि खालच्या कॉर्ड बदलत जातात. ‘एव्हिडन्स’ म्हणजे एका जुन्या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्डवर इकडे-तिकडे टाकलेले सुटे ठोके. पहिल्यांदा ऐकताना मात्रा धरून ठेवताच येत नाही, आणि एकदा धरता आली की हा तुकडा डोक्यातून जात नाही.

‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही सगळ्यांत अवघड. तिचे खंड आठ, सात आणि सात बारचे, आणि दर दुसऱ्या आवर्तनाला लय दुप्पट होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये ध्वनिमुद्रण करताना सॉनी रोलिन्स आणि मॅक्स रोचसारखे वादक असूनही २५ वेळा प्रयत्न झाला आणि एकदाही रचना सलग पुरी झाली नाही. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूजने वेगवेगळे तुकडे जोडून ती तयार केली. तरीही ती आजवर निघालेल्या मोठ्या जॅझ रेकॉर्डपैकी एक ठरली.

आणि ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’. १९५७ मध्ये पत्नी नेली आजारी होती, थायरॉइडची शस्त्रक्रिया व्हायची होती, तेव्हा त्याने ही रचना हळूहळू, एकेक सूर ठेवत बांधली. तिच्यात उत्स्फूर्त वादनाला जागाच नाही. जॅझचा माणूस, पण ही रचना त्याने कायम लिहिली तशीच वाजवली.

‘राउंड मिडनाइट’ त्याचीच ना?

हो. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सच्या बँडने १९४४ मध्ये ती पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली. तिथे पियानोवर मंकचा तरुण मित्र बड पॉवेल होता. विल्यम्सचंही नाव रचनाकार म्हणून जोडलं गेलं, शब्द नंतर बर्नी हॅनिघनने लिहिले. १९५५ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ती वाजवली आणि ती घराघरांत पोचली. जॅझ वादकांनी रचलेल्या धुनांपैकी हिच्याइतकी ध्वनिमुद्रित झालेली दुसरी धून नाही, असं मानलं जातं.

‘थेलोनियस हिमसेल्फ’ या १९५७ च्या एकट्याने वाजवलेल्या रेकॉर्डच्या नंतरच्या आवृत्तीत या धुनेची सुमारे बावीस मिनिटांची तालीम ऐकायला मिळते. तो एक जागा घेतो, थांबतो, तीच कॉर्ड एक सूर बदलून परत घेतो, पुन्हा मागे जातो. स्वतःचीच, तेरा वर्षं जुनी झालेली धून तो अजून तपासतोय. त्याच्या कामाची पद्धत समजून घ्यायला याहून चांगला दस्तऐवज मला माहीत नाही.

सोलो वाजवतानाही तो मूळ धूनच का घोळवत राहतो?

मंकचं सगळं म्हणणं इथे आहे. त्याच्या काळचे बहुतेक वादक धून एकदा वाजवत, मग ती बाजूला ठेवून तिच्या कॉर्डवर नवे सूर बांधत जात, त्यालाच सोलो म्हणतात. मंकला हे पटत नव्हतं. धून हीच गोष्ट, सोलो तिच्यातूनच निघाला पाहिजे. म्हणून त्याच्या सोलोत मूळ धुनेचा एखादा तुकडा सतत डोकावतो, कधी उलटा, कधी अर्धा, कधी फक्त त्याची लय. आपल्याकडे गवय्या ख्यालाचा विस्तार करताना बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर येत राहतो. बंदिश पाठ नसलेल्याला त्या रागात काय चाललंय ते अर्धंच कळतं. मंकबाबतही तसंच. आधी धून गुणगुणता आली पाहिजे, मग सोलो उलगडतो.

सोप्रानो सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी १९६० मध्ये काही महिने त्याच्याबरोबर वाजवत होता. मंकने वेळोवेळी दिलेल्या सूचना त्याने वहीत उतरवून ठेवल्या. त्यांचा आशय असा : तू ड्रम्स वाजवत नसलास तरी लय सांभाळणं तुझंही काम आहे. वाजवताना पायाने ठेका धर आणि मनात धून गा. पियानोची कामगिरी तू वाजवू नकोस, ती माझी आहे. तू काय वाजवलं नाहीस, हे कधी कधी वाजवलेल्याहून मोलाचं असतं.

तो अनेक वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवत नव्हता, ते का?

वाजवू दिलं जात नव्हतं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात काम करायला पोलिसांनी दिलेलं ‘कॅबरे कार्ड’ लागायचं. १९५१ मध्ये मंक आणि बड पॉवेल एका मोटारीत बसलेले असताना तिथे अमली पदार्थ सापडले. मंकने पॉवेलविरुद्ध तोंड उघडलं नाही. त्याला तुरुंगवास झाला आणि कार्ड गेलं. पोटापाण्याचं साधन असलेल्या शहरातच त्याची रोजीरोटी १९५७ पर्यंत, सहा वर्षं बंद राहिली. नेली नोकरी करून घर चालवत होती, दोन लहान मुलं होती. त्याने शहर सोडलं नाही, मित्राचं नावही सांगितलं नाही. घरी बसून रचना केल्या, जमतील तशी ध्वनिमुद्रणं केली. १९५५ मध्ये रिव्हरसाइड कंपनीने त्याला आधीच्या कंपनीच्या करारातून सोडवून घेतलं, ते शंभर डॉलरहून किंचित जास्त रकमेत. बाजारात तेव्हा त्याची किंमत तेवढीच होती.

१९५८ मध्ये पुन्हा तेच. बाल्टिमोरला कार्यक्रमाला जाताना डेलावेअरमधल्या एका मोटेलात तो पाणी प्यायला उतरला. पोलीस आले, त्यांनी मारहाण केली, हातांवरही दंडुके घातले. कार्ड पुन्हा गेलं. पियानोवादकाच्या हातांवर दंडुके पडतात हे वाचून आजही संताप येतो. ही कार्डाची पद्धत शहराने १९६७ मध्ये रद्द केली.

नेली आणि निका, या दोघी कोण?

नेली स्मिथ ही त्याची पत्नी, त्याच वस्तीतली. कपडे, पैसे, प्रवास, औषधं, सगळं तिच्याकडे. तिच्याविना मंक रंगमंचापर्यंत पोचलाच नसता. मुलगा टी. एस. मंक पुढे ड्रमवादक झाला. ‘लिटल रूटी टूटी’ ही धून त्याच्या लहानपणीच्या टोपणनावावरून आली.

पॅनोनिका डी कनिग्सवॉर्टर, सगळ्यांची निका, ही रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य बँकर घराण्यातली. १९५४ मध्ये पॅरिसला पियानोवादक मेरी लू विल्यम्सने दोघांची गाठ घालून दिली. निका पुढे न्यूयॉर्कला राहून जॅझ वादकांच्या मागे उभी राहिली : वकील, डॉक्टर, भाडं, मोटार. डेलावेअरला ती बरोबर होती आणि मोटारीतल्या अमली पदार्थांची जबाबदारी तिने स्वतःवर घेतली. ‘पॅनोनिका’ ही धून तिच्यासाठी. नेलीची आणि तिची मैत्री शेवटपर्यंत टिकली, हे सांगायला हवं, कारण या नात्याविषयी नको ते तर्क फार केले जातात.

कोल्ट्रेनने त्याच्याकडून काय घेतलं?

१९५७ च्या उन्हाळ्यात कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट या छोट्या कॅफेत मंकने आपली चौकडी बसवली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. कोल्ट्रेन नुकताच हेरॉइनमधून बाहेर पडत होता, माइल्स डेव्हिसच्या बँडमधून गेला होता. तो मंकच्या घरी जायचा, मंकला उठवायचा. मंक पियानोवर बसून एक धून वाजवायचा आणि कोल्ट्रेनला ती येईपर्यंत वाजवत राहायचा. लिहिलेला कागद शक्यतो दाखवायचा नाही, कानाने घ्यायला लावायचा. आपल्याला ही तालमीची रीत सांगायला नको.

रात्री कार्यक्रमात कोल्ट्रेनचा सोलो सुरू झाला की मंक कधी कधी पियानोवरून उठून जायचा आणि कोल्ट्रेन नुसत्या बेस आणि ड्रम्सवर वाजवत राहायचा. डोक्यावरचं कॉर्डचं छप्पर काढल्यावर त्याला जे मोकळं आकाश सापडलं, त्याचं पुढे काय झालं ते जगाने ऐकलं. या चौकडीची ध्वनिमुद्रणं अगदी मोजकी होती. २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉल कार्यक्रमाची टेप सापडली. स्वच्छ ध्वनी आणि दोघंही ऐन भरात. विकत घेऊन ठेवावी अशी रेकॉर्ड.

माइल्स डेव्हिसशी खरंच मारामारी झाली होती का?

नाही. २४ डिसेंबर १९५४ च्या ध्वनिमुद्रणात माइल्सने आपल्या ट्रम्पेटच्या मागे पियानो वाजवू नकोस असं सांगितलं, मंक गप्प राहिला. बाकी दंतकथा.

त्या टोप्या आणि ते गिरक्या घेणं, हा प्रसिद्धीसाठीचा खेळ होता का?

टोप्यांची त्याला मनापासून आवड होती. नाचाचं म्हणाल तर, सोबतचा वादक सोलो घेत असताना तो उठून गोल गोल फिरायचा, पाय आपटायचा, आणि आपली पाळी येताच नेमक्या मात्रेला पियानोवर परतायचा. बँडची लय नीट चालली आहे की नाही, हे त्याच्या पायांवरून वादकांना कळायचं. पत्रकारांनी त्याचं तऱ्हेवाईकपण एवढं रंगवलं, की २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं तेव्हासुद्धा लेखात संगीताच्या बरोबरीने त्याच्या विक्षिप्तपणाचीच चर्चा. हे मुखपृष्ठ खरं तर १९६३ च्या नोव्हेंबरात यायचं होतं, केनेडींच्या हत्येमुळे लांबणीवर पडलं.

शेवटची वर्षं तो गप्प का झाला?

साठच्या दशकात कोलंबियासारखी मोठी कंपनी, सॅक्सोफोनवर चार्ली राउझची अकरा वर्षांची निष्ठावान साथ, जपान-युरोपचे दौरे, सगळं चाललं होतं. पण मनाचा आजार जुना होता. कित्येक दिवस न झोपणं, मग कुणाशी न बोलणं, इस्पितळाच्या फेऱ्या. डॉक्टरांची निदानं बदलत गेली, औषधंही. १९७१-७२ मध्ये ‘जायंट्स ऑफ जॅझ’ या ताफ्याबरोबर त्याने जग फिरून घेतलं, १९७६ नंतर जाहीर वाजवणं थांबलं. शेवटची वर्षं न्यू जर्सीत वीहॉकेनला निकाच्या घरी गेली. घरात पियानो होता, तो त्याने क्वचितच उघडला. मृत्यू पक्षाघाताने झाला. २००६ मध्ये मरणोत्तर पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

याला विक्षिप्त प्रतिभेची किंमत वगैरे म्हणून सजवू नये. तो एक आजारी माणूस होता आणि त्या काळच्या उपचारांना त्याचा आजार नीट कळला नव्हता.

मुंबईशी त्याचा काही संबंध?

मंक स्वतः इथे वाजवायला आला नाही. त्याच्या वर्तुळातला सॉनी रोलिन्स मात्र आला. हार्लेममध्ये वाढलेला, शाळकरी वयात मंकच्या घरी तालमीला जाणारा, ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ मध्ये सॅक्सोफोन वाजवणारा हा माणूस. १९६९ नंतर त्याने जाहीर वादनातून विराम घेतला होता, त्या काळात तो पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि वेदान्त शिकायला राहिला. पुढे १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली, तेव्हा रोलिन्स तिथे वाजवून गेला. मंकच्या तालमीत तयार झालेला सूर मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकला तो असा.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘ब्लू मंक’ पासून, तेही दोन-तीन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत. मग ‘सोलो मंक’, कारण एकटा पियानो असला की डावा-उजवा हात वेगळा ऐकू येतो. नंतर कोल्ट्रेनबरोबरचा कार्नेगी हॉल. त्यापुढे ‘मंक्स ड्रीम’, आणि कान तयार झाला की ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’. ब्लू नोटच्या पहिल्या रेकॉर्ड छोट्या-छोट्या, तीन मिनिटांच्या आहेत. त्या रोज एक अशा ऐकाव्यात.

‘पालो आल्टो’ सोडू नका. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या डॅनी शेर या विद्यार्थ्याने मंकला बोलावलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचं वर्ष, शेजारच्या गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांत तणाव. तिकिटं खपेनात, शेवटी दोन्हीकडचे लोक शाळेच्या सभागृहात एकत्र बसले. शाळेच्या सफाई कामगाराने पियानो सुरात लावून दिला आणि त्या बदल्यात कार्यक्रम टेप करायची परवानगी मागितली. तीच टेप २०२० मध्ये रेकॉर्ड म्हणून निघाली. मंक आणि त्याची चौकडी त्या दुपारी विलक्षण खुशीत वाजवतात.

मी हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजवतो. मंककडून काय उचलू?

त्याच्या नादाची नक्कल करायला जाऊ नका, ती लगेच उघडी पडते. त्याची पद्धत घ्या. येत असलेली एक धून निवडा, भावगीत असेल तरी चालेल. पायाने ठेका धरा आणि तोंडाने गात ती वाजवा. पुढच्या आवर्तनात निम्मे सूर गाळा, पण मनात पूर्ण धून चालू ठेवा, म्हणजे गाळलेल्या जागा रिकाम्या न वाटता ताणलेल्या वाटतील. त्यानंतर एकच तुकडा घेऊन तो पहिल्या मात्रेऐवजी दुसरीवरून, मग अडीचवरून उचला, आणि दर वेळी समेवर नीट या. ठेका हलला तर तुकडा लहान करा. महिनाभर हे झालं, की मग शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून एक सोडून बघा, आणि कुठली सोडायची ते कानाला ठरवू द्या.